किनोआ : साबण, मीठ आणि प्रथिनं. संशोधनात टिकलं काय, गळालं काय?

मोजमाप (धागाकर्ता)

किनोआवर (दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतातलं बारीक दाण्याचं पीक) मराठीत जे काही वाचायला मिळतं ते दोनच सुरांत. एक, "रोज खा, चमत्कार बघा" आणि दुसरा, "ही परदेशी थेरं कशाला, आपला राजगिरा काय वाईट". दोन्हीकडे आकड्यांचा पत्ता नाही. म्हणून हा धागा. पाककृती नकोत, त्या रग्गड आहेत.

प्रश्न असे :

१. पाकिटावर "धुतलेला" असं छापलेलं असतं, तरी पुन्हा दोन-तीनदा धुवा म्हणतात. किती धुतलं म्हणजे पुरे, हे मोजता येतं का?

२. कडवटपणा नसलेल्या गोड जाती आहेत असं वाचलं. मग जगभर कडूच का पेरतात?

३. खाऱ्या जमिनीत येतो, कारण पानांवर मिठाच्या पिशव्या असतात, असं जिथे तिथे छापलंय. हे अजून खरं मानतात का?

प्रथिनांवरून जुंपणार आहेच, तो चौथा प्रश्न समजा.

---

तिखटमीठ

पहिला! पॉपकॉर्न घेऊन बसलोय. किनोआचे नाहीत, मक्याचे.

---

गुणसूत्र

दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण तिथे उत्तर बऱ्यापैकी पक्कं आहे.

कडूपणा सॅपोनिनचा. रिठ्यात फेस आणणारी द्रव्यं ती हीच, त्यातला ट्रायटर्पीन गट. किनोआत ती दाण्याच्या बाहेरच्या सालीत साठतात, आत फारशी नसतात. कडू जातींत कोरड्या वजनाच्या साधारण ०.१४ ते २.३ टक्के, गोड जातींत ०.०२ ते ०.०४ टक्के.

फेब्रुवारी २०१७ मध्ये 'नेचर'मध्ये किनोआचा जनुकसंच आला. काम सौदी अरेबियातल्या थुवलच्या किंग अब्दुल्ला विद्यापीठातलं, मार्क टेस्टर यांच्या गटाचं, सोबत बरेच देश. नमुना चिलीच्या किनारपट्टीवरच्या जातीचा होता. त्याआधी २०१६ मध्ये जपानी गटाने कच्चा मसुदा दिला होता, पण गुणसूत्रांच्या पातळीपर्यंत जुळवणी नेली ती २०१७ च्या कामाने. त्यात सॅपोनिनचं कारखानदारी बटण सापडलं : टीएसएआरएल१ नावाचं नियंत्रक जनुक. गोड जातींत या जनुकात एका अक्षराचा बदल असतो. त्यामुळे संदेश जोडताना गफलत होते, प्रथिन अर्धवट तयार होतं आणि सॅपोनिन बनवणारी पुढची साखळी सुरूच होत नाही.

गोडपणा अप्रभावी आहे. म्हणजे दोन्ही प्रती बिघडलेल्या असतील तरच झाड गोड.

---

बांधावरून

+१. आणि शेतातली मेख इथेच आहे. किनोआ मुख्यतः स्वपरागी, तरी १० ते १५ टक्क्यांच्या आसपास परपरागण होतंच. गोडाच्या शेजारी कडू लावलात तर या वर्षी काहीच कळत नाही. कारण साल ही आईच्या झाडाची. बाप कोण होता याच्याशी सालीला देणंघेणं नाही. दाणा गोडच लागतो. तोच दाणा बियाणं म्हणून ठेवला की पुढच्या वर्षी त्यातली संकरित झाडं कडू दाणे देतात. मग "बियाणं फसवं निघालं" म्हणून ओरड. बियाणं फसवं नव्हतं, अंतर राखलं नव्हतं.

दुसरं कारण पाखरं. सॅपोनिन म्हणजे झाडाने फुकटात ठेवलेला राखणदार. गोड जातीचं कणीस भरायला लागलं की चिमण्यांचे थवे उतरतात. ज्वारीला गोफण घेऊन माळ्यावर बसायचे, तशी वेळ येते.

---

उकडहंडी

गोड जाती अजिबात पेरत नाहीत असं मात्र नाही. नेदरलँड्समधल्या वाखेनिंगन विद्यापीठातून आलेल्या पास्तो, अॅटलस या गोड जाती युरोपात घेतात. तिथे अर्थकारण साधं आहे : धुण्या-वाळवण्याचा खर्च वाचला की चार पाखरं परवडतात. बोलिव्हियात उलट. तिथला सर्वांत मोलाचा माल म्हणजे 'किनोआ रियाल', टपोरा आणि कडू. त्या उंचीवर, त्या थंडीत आणि कोरड्यात तोच टिकतो. गोड जात तिथे नेऊन लावा म्हणणं सोपं, पण टपोरेपणा, थंडी सोसणं आणि गोडी हे तिन्ही एका झाडात आणायला बरीच वर्षं जातात.

---

तिखटमीठ

थोडक्यात, दाण्याने स्वतःचा साबण स्वतः आणलाय आणि अंघोळ आपण घालायची.

---

आल्टिप्लानो

@तिखटमीठ, तिथल्या बाया ती अंघोळ कशी घालत आल्या ते ऐका, मग हसा.

दक्षिण आल्टिप्लानो, म्हणजे बोलिव्हियाच्या उंच पठारावरच्या उयुनी आणि कोइपासा या मीठ-मैदानांचा काठ. उंची साधारण ३,६५० मीटर, वर्षाचा पाऊस १५० ते ३०० मिलिमीटर. धुवायला पाणी आणायचं कुठून? म्हणून पद्धत आधी कोरडी. दाणा भाजायचा, साल तडकते. भाजलेल्या दाण्यात 'पोकेरा' नावाची पांढरी माती मिसळायची. मग 'सारुना' म्हणजे दगडी खळग्यात ते घालून त्यात उभं राहायचं आणि पायांनी, टाचा फिरवत, मळायचं. मातीचे कण खरकागदाचं काम करतात. मग वाऱ्यावर उफणायचं, आणि मग कुठे थोडक्या पाण्यात धुणं. एका वेळेला काही किलोच निघतात आणि काम अंग मोडून टाकणारं. यंत्रं आली तीही याच क्रमाने : आधी घासून साल काढायची, मग कमीत कमी वेळ पाण्यात, मग पाणी झटकून वाळवण.

पाण्यात कमी वेळ, हे महत्त्वाचं. किनोआ फार चटकन मोड धरतो. ओला राहिला की दिवसभरात शेपटी बाहेर. वाळवून ओलावा १२ टक्क्यांच्या आसपास आणला नाही तर पोत्यात कुबट वास धरतो.

---

ताजवा

शेपटीवरून आठवलं. शिजल्यावर दाण्याभोवती जी पांढरी कडी सुटते, तिला बरेच जण "साल निघाली" समजतात. ती साल नव्हे, तो गर्भ. गव्हात गर्भ दाण्याच्या दोन-तीन टक्के, एका कोपऱ्यात. किनोआत तो वजनाच्या जवळजवळ ३० टक्के आणि दाण्याच्या परिघावर कड्यासारखा वळलेला, मधे पिठूळ भाग. प्रथिनं आणि तेल बहुतांशी त्या कड्यात.

याचा परिणाम गिरणीत दिसतो. तांदळासारखं पॉलिश करायला गेलात तर साल संपली की पहिला घाव गर्भावर बसतो. जास्त घासला की दाणा पांढराशुभ्र, अजिबात कडू नाही आणि प्रथिनंही कमी. कमी घासला की पिवळसर, कडवट. म्हणून चांगला कारखाना अर्धं काम घासून आणि अर्धं धुऊन करतो, आणि म्हणूनच "धुतलेला" माल पूर्ण सॅपोनिनमुक्त नसतो. मुद्दाम थोडं ठेवलेलं असतं म्हणा ना.

---

मोजमाप

@ताजवा, हे भारी आहे. गर्भाचं माहीत नव्हतं. आता प्रथिनांवर तुम्हीच या.

---

ताजवा

येतो. आधी आकडे. अमेरिकी कृषी खात्याच्या तक्त्यात १०० ग्रॅम कोरड्या किनोआत प्रथिनं १४.१ ग्रॅम, उष्मांक ३६८. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या तक्त्यात प्रथिनं १३ च्या आसपास. त्याच तक्त्यात राजगिरा १३ ते १४.५. म्हणजे "राजगिरा काय वाईट" म्हणणारे इथे बरोबर आहेत. दोघे एकाच कुळातले, चुलत भावंडंच.

आता "संपूर्ण प्रथिन" ही जाहिरात. किनोआत लायसिन (शरीराला बाहेरूनच घ्यावं लागणारं अमिनो आम्ल, धान्यांत ते कमी पडतं) चांगलं आहे, प्रथिनाच्या १०० ग्रॅममागे साधारण ५ ते ६ ग्रॅम. गव्हात त्याच्या निम्मं. दावा खोटा नाही. पण ताटात काय पडतं ते बघा. शिजलेल्या १०० ग्रॅम किनोआत प्रथिनं ४.४ ग्रॅम, बाकी बहुतेक पाणी. कोरडा ५० ग्रॅम घेतलात तर ७ ग्रॅम. तेवढीच तूरडाळ घेतलीत तर ११ च्या आसपास, आणि डाळीचं लायसिन भाताची उणीव भरून काढतं. वरण-भात खाणाऱ्याला "संपूर्ण प्रथिन" एकाच दाण्यातून मिळालं नाही म्हणून काहीही बिघडत नाही.

कॅल्शियमसाठी किनोआ खाणं तर विनोद आहे. अमेरिकी तक्त्यात ४७ मिलिग्रॅम. नाचणीत ३६० च्या पुढे.

---

उकडहंडी

@ताजवा, कॅल्शियमवर तुम्ही अमेरिकी आकडा उचललात आणि प्रथिनांवर हैदराबादचाही दिलात. हैदराबादच्या तक्त्यात किनोआचं कॅल्शियम २०० च्या घरात आहे. सोयीचा आकडा निवडू नका.

---

ताजवा

मान्य, चूक पकडलीत. फरक चौपट आहे आणि तो छापायची चूक म्हणून सोडून देता येत नाही. जात, माती आणि सालीचं किती काम झालंय, यावर खनिजं खूप बदलतात. साल काढली की कॅल्शियम घसरतं. नाचणी तरीही पुढेच, पण "विनोद" हा शब्द मागे घेतो.

---

तिखटमीठ

मिपा-माबोसारखी (मिसळपाव, मायबोली) संकेतस्थळं सोडा, संसदेतही शब्द इतक्या लवकर मागे घेत नाहीत.

---

खोडकीड

ग्लुटेनबद्दल कुणीच बोललं नाही. सीलियॅक (ग्लुटेनने आतड्याला इजा होण्याचा आजार) असलेल्यांना हा प्रश्न जिव्हाळ्याचा.

लंडनच्या किंग्ज कॉलेजातल्या गटाची दोन कामं पाहावीत. २०१२ च्या कामात प्रयोगशाळेत १५ वाण तपासले. त्यांतल्या ४ मध्ये त्रासदायक प्रथिनतुकड्यांचं मोजता येण्याजोगं प्रमाण निघालं, तेही मर्यादेच्या खाली. पण दोन वाणांनी पेशींना ग्लायडिनइतकं (गव्हाच्या ग्लुटेनमधलं प्रथिन) डिवचलं. यावरून "किनोआ चालत नाही" अशी बातमी फिरली. मग २०१४ मध्ये त्याच गटाने माणसांवर पाहिलं : १९ रुग्ण, रोज ५० ग्रॅम, सहा आठवडे. सोसला, आतड्याची तब्येत बिघडली नाही. पण संख्या १९ च आहे आणि मुदत दीड महिना. जन्मभराचा दाखला म्हणून तो कागद फडकवू नये. व्यवहारात मोठा धोका भेसळीचा : एकाच गिरणीत आधी गहू, मग किनोआ.

---

पाटपाणी

तिसरा प्रश्न माझ्या आवडीचा, म्हणून जरा लांबण.

किनोआच्या कोवळ्या पानाची मागची बाजू भिंगाखाली धरा. साखर भुरभुरल्यासारखं दिसतं. बोटाने पुसलं तर ओलसर लागतं. त्या एकेका पेशीच्या पुटकुळ्या, देठावर उभ्या, पानाच्या साध्या पेशीच्या हजारपट आकाराच्या. समज असा की झाड नको असलेलं मीठ तिथे नेऊन टाकतं. २०१७ मध्ये टास्मानिया विद्यापीठातल्या गटाने मऊ ब्रशने त्या पुटकुळ्या झाडून टाकल्या आणि मग खारं पाणी दिलं. झाडं मार खाऊ लागली. सिद्धान्त पक्का झाला असं वाटलं.

मग कोपनहेगन विद्यापीठातल्या गटाने वेगळी वाट धरली. ब्रश नाही, पुटकुळ्या जन्मतःच येत नाहीत अशी उत्परिवर्तित (जनुकात बदल झालेली) झाडं मिळवली. २०२२ मध्ये छापलेला निकाल : पुटकुळ्या नसलेली झाडं मीठ आणि दुष्काळ तितकाच सोसतात, खारावर उलट बरी. मग या पुटकुळ्या कशाला? पुढच्या कामात दिसलं की त्या नसलेल्या झाडांवर फुलकिडे, कोळीकिडी (माइट) आणि जिवाणूंचा हल्ला वाढतो. म्हणजे मिठागर नव्हे, किडीविरुद्धचं कुंपण.

हरभऱ्याची आंब डोळ्यांपुढे आणा. पानांवरच्या केसांतून आम्ल पाझरतं आणि घाटेअळीला ते रुचत नाही. काम तेच, फक्त हत्यार वेगळं.

ब्रशचा प्रयोग का चुकला असावा? पुटकुळी तोडताना पानाला हजारो बारीक जखमा होतात. त्यातून पाणी जातं, मीठ शिरतं. आपण मोजतो जखम आणि म्हणतो पुटकुळी.

---

गुणसूत्र

सुंदर लिहिलंय. फक्त एक : वाद पूर्ण मिटलाय असं नाही. खार सोसायला इतर यंत्रणा आहेत हे दोन्ही बाजूंना मान्य. मुळातून सोडियम कमी आत घेणं, आत आलेलं पेशीच्या रिक्तिकेत (पेशीतल्या पाण्याच्या पिशवीत) कोंडणं, पोटॅशियम धरून ठेवणं. पुटकुळीचा वाटा किती, यावर खल चालू आहे.

---

बांधावरून

खारावरून शेतकऱ्याच्या कामाचं बोलू. जमिनीची विद्युतवाहकता (त्यावरून क्षार मोजतात) ४ डेसिसिमेन्स प्रति मीटरच्या वर गेली की आपण तिला खारी म्हणतो. किनोआच्या काही जाती ४० पर्यंत जगतात, ते जवळजवळ समुद्राचं पाणी. हे वाचून "मग पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात लावा, सांगलीच्या क्षारपड मळ्यात लावा" असे सल्ले निघतात. थांबा.

एक, जगणं म्हणजे पिकणं नव्हे. त्या टोकाला उत्पन्न पडतंच.

दोन, उगवणीच्या वेळी झाड तेवढं दणकट नसतं. पहिले तीन-चार आठवडे नाजूक.

तीन, सर्वांत मोठं : मीठ सोसतो पण पाय ओले सोसत नाही. उयुनीच्या काठची माती रेताड, पाणी सुर्रकन खाली. आपली क्षारपड जमीन भारी काळी, सोडियमने चोपण झालेली. पाणी उभं राहतं. तिथे मिठाने नाही, मूळ गुदमरून मरेल. आधी चर काढा, जिप्सम घाला, निचरा करा. मग पिकाचं बघू.

आपल्याकडे खरी जागा हलक्या, मुरमाड, निचऱ्याच्या रानाची. बारामतीच्या राष्ट्रीय अजैविक ताण व्यवस्थापन संस्थेत उथळ मुरमाड जमिनीवर किनोआचं काम झालंय, आणि ती दिशा मला जास्त पटते.

---

मोजमाप

बांधावरून, लागवडीचं थोडं आकड्यांत द्याल का? विषयांतर चालेल.

---

बांधावरून

रब्बी. पेरणी ऑक्टोबरचा शेवट ते नोव्हेंबर, काढणी फेब्रुवारी-मार्च, जातीप्रमाणे ९० ते १२० दिवस. उशीर केलात तर फुलोरा उन्हात सापडतो. ३५ अंशांच्या वर परागकण निकामी होतात आणि कणीस दिसायला झुपकेदार, आत फोल. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्य विद्यापीठाच्या चाचण्यांतही हाच अडथळा आला.

बियाणं. हजार दाण्यांचं वजन साधारण ३ ग्रॅम. ४० बाय १० सेंटिमीटर अंतर धरलं तर एकरी एक लाख झाडं, म्हणजे हिशेबाने फक्त ३०० ग्रॅम. तरी एकरी दीड ते अडीच किलो पेरतात, कारण उगवण अर्धीमुर्धी होते. खोली १ ते दीड सेंटिमीटर, जास्त नाही. तिफणीतून एवढं बारीक बी सारखं पडत नाही; चाळलेली वाळू किंवा शेणखत मिसळा.

काय चुकतं : पेरून वर पाट मोकळा सोडला. काळ्या रानात वर पापुद्रा धरतो, कोंब खालीच वळून मरतो. आधी ओलवणी, वाफसा, मग पेरणी. गरज पडली तर तुषारने हलकं पाणी.

दुसरी चूक विरळणी न करणं. तिसरी, खुरपणी उशिरा. कारण चाकवत. रोपावस्थेत चाकवत आणि किनोआ जुळे भाऊ. खुरपणाऱ्या बायका किनोआ उपटून चाकवत राखतात, यात त्यांचा दोष नाही. म्हणून ओळीत पेरा. ओळीबाहेरचं सगळं काढा.

---

तिखटमीठ

आणि काढणीला चाकवताची पातळ भाजी. नुकसान शून्य.

---

खोडकीड

केवडा रोग विसरलात. रोगकारक पेरोनोस्पोरा व्हेरिएबिलिस. पानावर फिकट पिवळे किंवा गुलाबी डाग, पान उलटलं की खाली करडी-जांभळी बुरशी. दाट पेरा, धुकं आणि रात्रीचं पाणी असं जमून आलं की पंधरवड्यात खालची पानं गळतात. बियाण्यातून येतो, तेव्हा रोगट शेतातलं बी ठेवू नका. तिकडे अँडीजमध्ये पहिला शत्रू वेगळा, युरिसाका जातीचा पतंग. त्याच्या अळ्या कणसात शिरून दाणे फस्त करतात.

जाता जाता : विषाणूवाल्यांना किनोआ खाण्याआधीपासून माहीत आहे. पानावर कार्बोरंडमची भुकटी भुरभुरून संशयित झाडाचा रस चोळला की बऱ्याच विषाणूंचे ठिपके काही दिवसांत उठतात. प्रयोगशाळांच्या कुंड्यांत तो पिढ्यान्‌पिढ्या याच कामाला आहे.

---

उकडहंडी

चाकवत-किनोआ संकर होऊन बियाणं बिघडेल का, असं विचारणार होते.

---

गुणसूत्र

फारशी भीती नाही. किनोआत गुणसूत्रं ३६, दोन वेगळ्या पूर्वजांचे संच एकत्र येऊन. हा मेळ ३३ ते ६३ लाख वर्षांपूर्वीचा असावा असं २०१७ चं काम सांगतं. चाकवतात १८, ३६ आणि ५४ असे गट सापडतात, लखनऊच्या राष्ट्रीय वनस्पती संशोधन संस्थेने यावर बरंच काम केलंय. जुळणी सहजी होत नाही. चाकवताचा त्रास मळणीत : काळं चकचकीत बी मालात मिसळतं. ते आकाराने लहान, १.२-१.३ मिलिमीटर. दीड मिलिमीटरच्या चाळणीने बरंच खाली पडतं.

अँडीजमध्ये मात्र रानटी काळा किनोआ, तिथे 'अजारा' म्हणतात, पिकाशी सर्रास जुळतो. तिथे ही खरी डोकेदुखी.

---

आल्टिप्लानो

संशोधनाच्या नावाखाली झालेला एक घोळही नोंदवू. १९९४ मध्ये कोलोरॅडो राज्य विद्यापीठाच्या दोन संशोधकांना 'अपेलावा' या बोलिव्हियन किनोआतल्या नरवंध्यत्वावर (कामाचे परागकण न होण्याच्या गुणावर) अमेरिकी पेटंट मिळालं. अपेलावा हे टिटिकाका सरोवराकाठच्या गावाचं नाव. बोलिव्हियाच्या उत्पादक संघटनेने आवाज उठवला आणि १९९८ मध्ये ते पेटंट सोडून दिलं गेलं. तिकडे आजही जननद्रव्य (वाणांचं बियाणं) बाहेर द्यायला हात आखडता घेतात, त्यामागे हे आहे.

आणि "आपण खातो म्हणून तिकडचे गरीब उपाशी" ही कथा. २०१३ हे संयुक्त राष्ट्रांचं किनोआ वर्ष, त्याच सुमारास भाव गगनाला. पेरूच्या २००४ ते २०१४ च्या घरगुती पाहण्यांवरून बेलेमार आणि सहकाऱ्यांनी हिशेब मांडला : भाव चढले तेव्हा खाणाऱ्या घरांची स्थितीही खालावली नाही, थोडी सुधारलीच. खरा फटका नंतर बसला. पेरूने किनारपट्टीच्या सखल रानात पाण्यावर किनोआ काढायला घेतला, माल वाढला, भाव कोसळले. दक्षिण आल्टिप्लानोत त्याआधीच डोंगरउतार सोडून लामा चरायच्या सपाट माळांवर ट्रॅक्टरचे तवे फिरले होते. माळावरची झुडपं गेली, वाऱ्याने माती गेली, लामा कमी झाल्या तसं खतही कमी झालं. उपासमारीपेक्षा ही गोष्ट जास्त खरी, पण मथळ्यात बसत नाही.

---

पाटपाणी

सालीचं काय करतात? तो भुसा म्हणजे सॅपोनिनचा गठ्ठाच.

---

खोडकीड

चिलीतल्या संशोधकांनी त्यावर अल्कलीची प्रक्रिया करून भातखाचरातल्या सोनेरी गोगलगायींवर वापरला. परिणाम चांगला.

---

बांधावरून

२०२२ मध्ये लातूर-बीडकडे सोयाबीनची रोपं शंखी गोगलगायींनी फस्त केली होती. तिथे चालेल?

---

खोडकीड

लगेच उडी नको. भातखाचरातली गोगलगाय पाण्यात बुडालेली असते, द्रव्य विरघळून सगळीकडून लागतं. शंखी गोगलगाय जमिनीवरची, रात्री फिरणारी, कोरडं लागलं की शंखात. फवारा पोचणारच नाही. शिवाय सॅपोनिन माशांच्या कल्ल्यांना बाधतं, शेततळ्याजवळ तर नकोच.

---

मोजमाप

दोन, तीन, चार झाले. पहिला प्रश्न अजून लोंबकळतोय. किती धुवायचं?

---

ताजवा

घ्या. १९९१ ची कोझिओल यांची फेस-चाचणी, आजही वापरतात. १६ मिलिमीटर व्यासाची, १६० मिलिमीटर लांबीची परीक्षानळी. अर्धा ग्रॅम दाणे, ५ मिलिलिटर ऊर्ध्वपातित पाणी. ३० सेकंद जोरात हलवा, अर्धा तास ठेवा. २० सेकंद हलवा, अर्धा तास ठेवा. पुन्हा ३० सेकंद हलवा, ५ मिनिटं थांबा आणि फेसाची उंची पट्टीने मोजा. एक सेंटिमीटरच्या आसपास किंवा खाली असेल तर गोड धरायचा.

नळी बारीक का? रुंद भांड्यात तोच फेस पसरतो आणि उंची कमी दिसते. काचेच्या ग्लासात मोजून "आमचा गोड निघाला" म्हणू नका.

---

उकडहंडी

घरी नळी नसेल तर तुलनेने काम भागतं. झाकणाच्या चार सारख्या छोट्या बाटल्या. एकीत न धुतलेला किनोआ, दुसरीत एकदा धुतलेला, तिसरीत तीनदा धुतलेला, चौथीत साधा तांदूळ. प्रत्येकी पाव चमचा आणि सारखंच पाणी. तांदूळ अशासाठी की स्टार्चनेही थोडा फेस येतो, पण तो लगेच विरतो. सॅपोनिनचा चिवट, बारीक बुडबुड्यांचा, कडेला चिकटून राहतो. पाच मिनिटांनी किनोआची बाटली तांदळाच्या बाटलीसारखी दिसली की तेवढी धुणी पुरे.

धुताना गार पाणी, बारीक जाळीची गाळणी, तळहातांत चोळून, प्रत्येक पाणी अर्धा मिनिट. रात्रभर भिजत घालून ओतण्यापेक्षा हे बरं, कारण द्रव्य सालीत आहे. चोळल्याने सुटतं, नुसतं बुडवून हळूहळू. गरम पाणी घेतलंत तर दाणा बाहेरून चिकट होतो आणि मग चोळता येत नाही.

---

तिखटमीठ

वाखुसा (वाचनखूण साठवली). चारही बाटल्या फ्रिजवर ओळीने लावल्यात. घरच्यांनी विचारलं तर काय सांगू?

---

ताजवा

लेबलं लावा, हेच सांगा. आणि फ्रिजवरून उतरवा; कॉम्प्रेसरच्या हादऱ्याने फेस टिकतो की मोडतो हे वेगळं मोजावं लागेल.